दोन झुरके

"मला नव्हतं बाई एवढं होत. मंजुळाची बिडी होती ना," शकू ओट्याशी उभी राहून म्हणाली आणि पेजेत मीठ टाकून पळी फिरवायला लागली.

मेघना बाथरूमच्या दारात फरशीवर बसली होती. नुकतीच उलटी होऊन गेलेली. उलटी म्हणजे नुसतं पिवळं, कडू पाणी. पडायला पोटात आधी काही जायला तर हवं. गार फरशीवर तळहात टेकले की जरा बरं वाटायचं, म्हणून पुढचा उमासा येईपर्यंत ती तशीच बसून राहायची. तिसरा महिना चालू होता. नवरा धम्मपाल सकाळीच ड्युटीवर गेलेला, आणि पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही म्हटल्यावर आई डोंबिवलीहून माजिवड्याला तिच्याकडे राहायला आलेली. आईचं ते वाक्य मेघनाच्या कानावरून गेलं, थोडं पुढे जाऊन थांबलं आणि वळून परत आलं.

"कसली बिडी?"

"गांजाची गं." ओव्याचा अर्क म्हणावं इतक्या सहज शकू म्हणाली. "बिडीतली थोडी तंबाखू काढायची नि तिथे तो भरायचा. चाळीतल्या मंजुळाचा नवरा ओढायचा ना, कुंडलिक. त्याच्यातलाच चिमूटभर ती काढून ठेवायची माझ्यासाठी. सकाळी दोन झुरके मारले की अन्न ठरायचं. नायतर मी कामावर जाऊच शकले नसते. तुझ्याच वेळेला हां. प्रफुल्लच्या वेळेला काय लागलंच नाही. त्याच्या वेळेला मी दगड खाल्ले असते तरी पचले असते. घे, ऊठ, गरम आहे तोवर दोन घोट घे."

मेघनाने दोन घोट घेतले. ते ठरले नाहीत. पण या खेपेला तोंड धुताना ती आरशात जरा जास्त वेळ बघत राहिली. समोर ओठ सुकलेली, डोळ्यांखाली काळं झालेली एक तिशीतली बाई होती आणि तिच्याबद्दल आपल्याला एक नवीन गोष्ट कळली आहे असं मेघनाला वाटत होतं, जशी ती ऑफिसातल्या कुणा दुसऱ्याच बाईबद्दल कळावी. राग येईल म्हणून तिने वाट पाहिली. पर्स चाचपून बघावी तशी स्वतःला चाचपून पाहिली. राग नव्हता. भीती होती, पण ती पोटातल्या बाळाची होती आणि बऱ्याच दिवसांपासून होती. या नव्या गोष्टीने आणलेलं जे काही होतं ते वेगळंच होतं. ती ज्या ऑफिसात काम करायची तिथे जुने जमीनमोजणीचे नकाशे संगणकावर गिरवून नवे करायचे असत, आणि कधीकधी एखाद्या जुन्या नकाशात, आज जिथे सातमजली सोसायटी आहे नेमकं तिथे, एक तळं निघे. बुजवलेलं, नावसुद्धा कुणाला न आठवणारं. तळमजल्यावरची माणसं मात्र वर्षानुवर्षं भिंतीला ओल येते म्हणून प्लंबरला शिव्या घालत असत. असं तळं सापडलं की मेघनाच्या अंगावर बारीक काटा यायचा, आणि तो सुखाचाच असायचा. आत्ता तसंच झालं होतं. तुझ्याच वेळेला. म्हणजे आपल्या खाली काहीतरी होतं.

मग पुढचे काही दिवस, उलटी आणि उलटीच्या मधल्या सपाट जागांत, ती ओल शोधत फिरली. अंथरुणावर पडल्या पडल्या छताकडे बघत ती आपल्या आयुष्यात मागे मागे जायची. पहिली ओल तर घरात सगळ्यांना ठाऊक होती: ती जन्मली तेव्हा इतकीशी होती की रामाने, तिच्या बापाने, तिला पहिल्यांदा हातात घेतलं नाही. सुटेल म्हणाला. आत्या गावाहून आली आणि म्हणाली, ही काय जगत नाही. आणि हे वाक्य पुढे मेघना दहावी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं, तेव्हा तेव्हा घरात हसत हसत सांगितलं जायचं, बघा, आत्या काय म्हणालेली. शकू मात्र त्या हसण्यात कधी नसायची, हे मेघनाला आता आठवलं. की आता तसं वाटत होतं? आठवण आणि वाटणं यांच्यामधली रेघ तिला कधीच नीट गिरवता आली नव्हती. मग शाळा. शाळेत फळ्यावरचं गणित सुरू व्हायचं आणि दुसऱ्या ओळीपर्यंत मेघना तिथे नसायची. ती कुठे असायची? कुठे दूर नाही. तिथेच, बाईंच्या साडीच्या काठावर, ट्यूबलाइटच्या बारीक घूंऽऽ आवाजात, पुढच्या पोरीच्या वेणीतून सुटलेल्या एका केसात. "लक्ष कुठाय तुझं?" बाई विचारायच्या, आणि हा प्रश्न मेघनाला खरा वाटायचा, ती खरंच शोधायला लागायची, आणि त्यापायी आणखी मार खायची. सातवीत ती नापास झाली. रामाने तिला कधी मारलं नाही. तो तिला घेऊन संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी मोठ्याने वाचायला लावायचा, म्हणायचा, बस जायच्या आत वाचायचं, बस थांबत नसते आपल्यासाठी. शकू पाठ करून घ्यायची ते तिला पुढ्यात घेऊन, दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून, जणू लक्ष म्हणजे कोंबडी आहे आणि हात सैल सोडला की पळेल. आईच्या साडीला कारखान्यातल्या रंगाचा वास असायचा, आंबट, लोखंडी. त्या वासात मेघना वाचायला शिकली.

आणि आताची मेघना? दूध उतू घालवणारी, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येणारी, बसमध्ये आपला थांबा डोळ्यांदेखत जाऊ देणारी. नकाशावर मात्र तिचा हात चुकत नसे. तिथे ती तासन् तास एका बांधाच्या कडेने जाऊ शकत असे, बाकी जग विसरून, जेवणही विसरून. साहेब म्हणायचे, मेघनाताईंचं काम बघा. पण त्याच मेघनाताईंना बिलाची तारीख लक्षात राहत नाही म्हणून घरातले सगळे व्यवहार धम्मपाल बघायचा. यातलं कुठलं आपलं आणि कुठलं त्या बिडीचं? हा प्रश्न तिला एकदम, पेजेची वाटी हातात असताना पडला, आणि मग तो गेलाच नाही. आपल्यातलं आपलं किती? आईच्या त्या दोन झुरक्यांच्या आधी एक मेघना ठरलेली होती का, जाड, गुटगुटीत, दुसऱ्या ओळीनंतरही तिथेच बसून राहणारी, आणि मग ती आली नाही, तिच्या जागी ही आली? त्या दुसरीचा तिला हेवा वाटला नाही. नुसतं बघावंसं वाटलं. ती रस्त्यात भेटली तर आपण ओळखू का तिला.

एका दुपारी तिने प्रफुल्लला फोन लावला. धाकटा भाऊ, कल्याणला राहायचा, बँकेत होता, घरातला हुशार तो. तो पोटात असताना बिडी नव्हती. म्हणजे एकाच आईची, एकाच बापाची दोन पोरं, एक बिडीचं आणि एक बिनबिडीचं. शास्त्रज्ञाला आणखी काय हवं असतं?

"प्रफुल्ल, एक सांग. तू कधी काय विसरतोस का रे?"

"का गं ताई? काय विसरलो मी? तुझा वाढदिवस नाही ना?"

"नाही रे. असंच. लक्ष लागत नाही असं होतं का तुला?"

पलीकडे त्याने कुठलंसं दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला बोलू नको. परवा मी बाईक घेऊन स्टेशनच्या इथे भाजी घ्यायला गेलेलो. आणि रिक्षाने घरी आलेलो. बाईक तिथेच. दुसऱ्या दिवशी खाली येऊन बोंबललो, चोरीला गेली म्हणून. पोलीस चौकीपर्यंत गेलेलो ताई, आईशप्पथ."

मेघना इतकी हसली की तिला परत उलटी झाली. पण मनातल्या मनात तिचा सगळा प्रयोग कोसळला होता, आणि त्याचंही तिला नवल वाटत होतं. मग दोघांत बिडी कुठेय? की बापाची आहे ही ओल? रामा तर पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर छत्री, डबा आणि एकदा चप्पलसुद्धा विसरून आलेला माणूस. तो असता तर विचारता आलं असतं. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

ती मोबाइलवर वाचायला लागली. गरोदरपणात गांजा, असं मराठीत टाकलं की पहिल्यांदा भलतंच यायचं, कुठे पकडला, किती किलो पकडला, कुणाला अटक. मग तिने इंग्रजीत टाकलं आणि परदेशातले अभ्यास येत गेले. तिचं इंग्रजी हळू होतं, एकेक वाक्य बांधाच्या कडेने गेल्यासारखं ती वाचायची. बाळाचं वजन कमी भरतं. दिवस भरायच्या आधी जन्म होतो. काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. पुढे मोठं होताना लक्ष, झोप, वागणं यांच्या तक्रारी जास्त दिसतात, असं काहींना आढळलं. काहींना तितकं आढळलं नाही. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी ती एक अवघडलेली ओळ: या बाया तंबाखूही ओढत होत्या, गरीब होत्या, ताणात होत्या, त्यामुळे नेमकं कशामुळे हे सांगणं कठीण. मेघना त्या ओळीपाशी थांबायची. परक्या देशातल्या कुणा माणसाने, जो शकूला ओळखत नव्हता, तिच्याबद्दल लिहिलं होतं. गरीब होत्या. ताणात होत्या. एमआयडीसीच्या बाजूची चाळ तिला दिसायची, सकाळचा भोंगा, आंबट हवा, नळाशी रांग, आणि विशीतली एक बारकी पोरगी पायरीवर बसून बिडी पेटवते आहे. ती पोरगी मेघनाहून दहा वर्षांनी लहान होती.

या वाचनात वजन मात्र उतरत चाललं होतं. मेघनाच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरांनी आधी दिलेल्या गोळ्या ती घ्यायची, त्या पेजेबरोबर बाहेर यायच्या, आणि पुन्हा दवाखान्यात जायचं तर रिक्षाच्या धक्क्यांची कल्पनाच नको व्हायची. शकू दिवसेंदिवस गप्प होत गेली. मग एका सकाळी कल्याणला प्रफुल्लकडे जाऊन येते म्हणाली, आणि दुपारी परतली तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी जमवून आणल्याचं समाधान होतं. हातपाय धुऊन ती मेघनाच्या उशाशी बसली आणि कमरेची पिशवी उघडून कागदाची एक छोटी पुडी तिने चादरीवर ठेवली. अंगाऱ्याची असते तशी.

"मंजुळाकडे गेलेले. ती आता कल्याणलाच असते लेकाकडे. नाय म्हणत होती आधी, आता पोलिसांची लय भानगड असते म्हणाली. पण तुझं नाव काढलं नि विरघळली. हे बघ, थोडाच आहे. धम्मपालला काय सांगायचं नाही. गॅलरीत बसून दोनच झुरके मार. संध्याकाळी वरणभात जेवशील."

मेघनाने पुडी हातात घेतली. उघडली नाही, पण वास आलाच. सुकलेल्या गवताचा, थोडा गोडसर, थोडा मांजरासारखा. तिला वाटलं होतं हा वास ओळखीचा निघेल. कुठून, ते सांगता येणार नाही, पण आत कुठेतरी अंग म्हणेल, हो, हे मी जाणतं. अंग काहीच म्हणालं नाही. नुसती मळमळ वर आली. आणि त्याच वेळी, हे खरं आहे, तिला ते हवंसंही वाटलं. वरणभात या शब्दाने. पोटात काहीतरी गरम जाऊन तिथेच राहिलं आहे, ही कल्पनाच इतकी मोठी होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनच झुरके. मी झालेच ना? मी जगलेच ना? नकाशे गिरवते, नवरा आहे, हसते, चालते. आत्या काय म्हणालेली, आणि बघा. तिने पुडी नाकाशी नेली, खाली आणली. त्या सगळ्या लेखांतलं एकही वाक्य तिला त्या क्षणी आठवलं नाही. आठवली ती सातवीची मेघना, आईच्या गुडघ्यांत धरलेली, जिला वाटायचं की लक्ष ही बाकी सगळ्यांना घरून मिळालेली वस्तू आहे आणि आपल्याच दप्तरात ती भरायची राहून गेली. ते बिडीमुळे होतं की नव्हतं, कोण जाणे. पण नसेलच असं म्हणता येत नव्हतं, आणि पोटातल्याला विचारता येत नव्हतं.

"नको आई," ती म्हणाली. "हे बाळाला जातं. आपण ओढलं की तेही ओढतं."

"काय नाय होत. मी घेतलाच ना."

मेघनाने फक्त पुडी आईच्या हातात परत दिली. पण न बोलण्यात जे होतं ते शकूपर्यंत पोचलं. सावकाश, नळाला पाणी यायच्या आधी पाइपात हवा वाजते तसं. शकूची बोटं पुडीवर थांबली.

"म्हणजे तुला गेलं?" ती म्हणाली.

तेव्हा मेघनाला कळलं की इतके दिवस आपण स्वतःलाच उकरत बसलो होतो, आणि त्या खड्ड्याच्या काठावर आई उभी आहे हे पाहिलंच नव्हतं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात उमासा आला आणि ती उठून धावली. परत आली तेव्हा शकू संडासात पुडी ओतून साखळी ओढत होती. एकदा ओढली, टाकी भरायची वाट पाहिली, परत ओढली.

दुसऱ्या दिवशी धम्मपालने रजा टाकली आणि दोघं रिक्षाने टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात गेले. शकू आली नाही, घर आवरते म्हणाली. डॉक्टर वैशाली पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. मेघनाची जीभ पाहून, हाताची कातडी चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "इतके दिवस घरी का काढलेत? या नेहमीच्या उलट्या नाहीत, अंगातलं पाणी पार गेलंय. सलाईन लावावं लागेल, आणि औषध पोटातून नको, शिरेतून देऊ." मग धम्मपाल बाहेर गेल्यावर, "उलट्यांसाठी घरचं, बाहेरचं काही घेतलंस का? तंबाखू, मिश्री, भांग, गांजा? रागावणार नाही मी. माहीत असलं की उपाय करता येतो."

"मी नाही," मेघना म्हणाली. "माझ्या आईने. मी पोटात असताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं असावं. मेघनाने सांगितलं, सगळं; वजन, शाळा, प्रफुल्लची बाईकसुद्धा. आणि विचारलं, "हे त्याच्यामुळेच आहे का, मी अशी?"

"ते वारेतून, नाळेवाटे बाळापर्यंत पोचतं, एवढं नक्की. म्हणून आम्ही कुणालाही घेऊ देत नाही. झाडपाला आहे म्हणून चालतो असं नाही. घेणाऱ्या शंभर बायका पाहिल्या आणि न घेणाऱ्या शंभर पाहिल्या, तर घेणाऱ्यांची मुलं जास्त बारीक, जास्त वेळा लवकर जन्मलेली. हे मी सांगू शकते. पण शंभरातली एक समोर बसवून तू विचारलंस की ही का अशी, तर मला नाही सांगता येत. कुणालाच नाही. तुझी आई कुठे कामाला होती?"

"रंगाच्या कारखान्यात."

"दिवसभर? त्या वासात? आणि खायला काय होतं?"

"फारसं नसेल."

"आणि बिडीत तंबाखूही होतीच. आता तूच वेगळं करून दाखव मला." त्या म्हणाल्या, पण चेष्टेने नाही. "दवाखान्यात गेली होती का ती?"

गेली होती. ते मेघनाला ठाऊक होतं, तोही घरातला एक विनोद होता: दवाखान्यातल्या बाई म्हणालेल्या, नखरे कमी कर, सगळ्यांनाच होतं, आणि शकूने परत येताना दारातच ओकून ठेवलेलं. मेघनाने हे सांगितलं तेव्हा डॉक्टर हसल्या नाहीत. "हेच औषध तेव्हाही होतं," एवढंच म्हणाल्या, आणि नर्सला हाक मारली.

सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते आणि मेघना त्यांच्याकडे बघत पडली होती. तिचा प्रश्न सुटला नव्हता. पण तो आता तिला टोचत नव्हता. खिडकीबाहेरच्या झाडासारखा तो नुसता होता. आपल्यातलं आपलं किती. कदाचित हे असं वेगळं होतच नसेल. बापाचं विसरणं, आईचा कारखाना, मंजुळामावशीची माया, कुंडलिकच्या पुडीतली चिमूट, दवाखान्यातल्या बाईचा तो एक शब्द. या सगळ्याचं रक्त होऊन ते फिरतंय आणि त्यालाच लोक मेघना म्हणतात. तिला झोप लागली. उठली तेव्हा भूक लागली होती. धम्मपालने खालून इडली आणली, तिने अर्धी खाल्ली आणि ती दोघं त्या अर्ध्या इडलीची, ती राहते की जाते, श्वास रोखून वाट बघत बसली. राहिली.

घरी आली तर शकू निघायच्या तयारीत. तिकडे घर बंद आहे, नळाला पाणी येतं तेव्हा कुणी नसतं, म्हणाली. मेघनाने थांब म्हटलं, पण कसल्या शब्दांत थांबवायचं ते तिला सुचलं नाही, आणि आई पिशवी उचलून गेली. मग फोन रोज यायचे, आधीसारखेच. काय खाल्लंस, औषध घेतलंस का, जिना सावकाश उतर. पण मधेच शकू गप्प व्हायची, जणू फोनच्या पलीकडे ती काहीतरी हातात घेऊन बघते आहे आणि परत खाली ठेवते आहे. चौथा महिना गेला. उलट्या कमी झाल्या, मग एखादीच राहिली. मेघना ऑफिसला जायला लागली. पाचव्या महिन्यात पोटात पहिल्यांदा काही हललं, तेव्हा ती एका गावाच्या शिवेची रेघ ओढत होती, आणि तिचा हात चुकला.

त्या शनिवारी ती बसने डोंबिवलीला गेली. जुनी चाळ पडून आता तिथे इमारत झाली होती. शकूला तिच्यातच खालची खोली मिळालेली. दुपारची वेळ. शकूने तिला पंख्याखाली बसवलं, चहा केला, चहाला बिस्किटं दिली, बिस्किटं खाऊन झाल्यावर बशी उचलली, धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग समोर येऊन बसली.

"हलायला लागलं म्हणालीस."

"हो."

"मी मंजुळाकडे जाऊन आले. सांगितलं तिला, आता कुणाला देऊ नको म्हणून. का ते पण सांगितलं." शकूने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रडली ती. म्हणाली, शके, तू मरशील असं वाटलेलं मला, म्हणून दिला. मी म्हटलं, मला पण वाटलेलं."

मेघनाने चहाचा रिकामा कप बाजूला सारला.

"एक विचारू? तू शिकलेली आहेस, त्या डॉक्टरबाईंना पण विचारलं असशील." शकू तिच्याकडे बघत नव्हती. "सहाव्या-सातव्यापर्यंत घेत होते मी. तू लय लाथा मारायचीस. आणि दोन झुरके मारले की गप व्हायचीस. एकदम गप. मी पोटावर हात ठेवून बसायचे, म्हणायचे, झोपली माझी बाय. मला बरं वाटायचं गं. आता रोज ते आठवतं." तिने मान वर केली. "झोपच होती ना ती?"

मेघनाच्या तोंडाशी 'हो' आला होता. 'हो' म्हणणं किती सोपं होतं; आईने आयुष्यभर मागून मागून एवढंच मागितलेलं. पण समोर बसलेली बाई खोटं ऐकायला बसली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर, त्या सगळ्या भीतीच्या खाली, मेघनाला आपलंच काहीतरी दिसलं: खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"माहीत नाही आई," ती म्हणाली. "कुणालाच सांगता येत नाही. मी विचारलं."

शकूने मान हलवली. एकदा, मग परत एकदा. रडली नाही. खूप दिवस धरून ठेवलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळाली नाही तरी निदान कुठे ठेवायचं नाही ते कळावं, तशी ती बसून राहिली. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"मी विचारू एक?" मेघना म्हणाली.

"विचार. काय ते सगळं विचार."

"तुला काय वाटायचं? झुरका मारल्यावर. तुला."

शकूला प्रश्न समजायला वेळ लागला. इतक्या वर्षांत पोराबाळांचं, नवऱ्याचं, कामाचं सगळं कुणी ना कुणी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. तिने भिंतीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू तरुण होत गेल्यासारखा सैल झाला.

"भूक लागायची," ती म्हणाली. "सकाळपासून जीव नकोसा झालेला असायचा, आणि एकदम भूक. असली भूक की हसू यायचं. मग पायरीवर बसून रात्रीची भाकरी नि चटणी खायचे, सावकाश. भोंगा व्हायला वेळ असायचा. तुझा बाप आत घोरत असायचा. मला तर वाटायचं मुलगीच असणार. वाटायचं, चला, आता आपण दोघी काय मरत नाय."

मेघना पंख्याखालून सरकून आईच्या जवळ आली, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"चटणी कसली?" तिने विचारलं.

"जवसाची," शकू म्हणाली. "गावाहून यायची. पण लसूण मी इथला घालायचे, आणि मंजुळा म्हणायची..." आणि ती सांगायला लागली.